धागा: स्पेक्ट्रम+ पुन्हा चालू करणे – वीज, रॅम, कीबोर्ड, टीव्ही, टेप

फेराइट

सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती संगणक झेडएक्स स्पेक्ट्रम+ दुरुस्तीला घेतला आहे. बोर्ड इश्यू (आवृत्ती) ३बी, झेड८०ए प्रोसेसर, ४८के. मूळ पॉवर सप्लाय हरवला आहे. मशीन अजून चालू केलेले नाही. पेटी उघडून फक्त पाहणी केली आहे:

– खालच्या रॅमच्या आठ चिप (आयसी६ ते आयसी१३) ४११६ जातीच्या, थेट बोर्डावर झाळलेल्या. वरच्या आठ (आयसी१५ ते आयसी२२) टीएमएस४५३२.
– यूएलए (चित्र, कीबोर्ड आणि टेप सांभाळणारी खास चिप) आणि रॉम सॉकेटमध्ये.
– मागच्या एज कनेक्टरवर हिरवट थर.
– कीबोर्डच्या दोन्ही पट्ट्या बाहेरून अखंड दिसतात, पण कडक झाल्या आहेत.

वीज देण्याआधी काय काय तपासावे? क्रमाने सांगितलेत तर बरे. डेसिबेल्सने १९८६ पासून आपल्याकडे विकलेला डीबी स्पेक्ट्रम+ अनेक घरांच्या माळ्यावर असेल. त्यांनाही हा धागा कामी येईल.

सोळावी_पिन

चालू केले नाहीत हे उत्तम केलेत. या मशीनमध्ये घाईने दिलेली वीजच सगळ्यात जास्त नुकसान करते.

आधी सप्लाय. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि जॅकच्या मधल्या पिनेवर ऋण असते. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत मिळणारे जवळपास सगळे ९ व्होल्टचे अडॅप्टर मधे धन असलेले असतात. तसाच लावला तर ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) आणि टीआर४ (ट्रान्झिस्टर) दोन्ही जातात. अडॅप्टर २ अँपिअरचा एसएमपीएस घ्या, प्लग ५.५/२.१ मिमीचा. वायर कापून उलटी जोडा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि मशीनला लावण्याआधी मीटरने पाहा: काळी प्रोब बाहेरच्या कड्याला, लाल मधे. मीटरवर उणे ९ दिसले पाहिजे. अडॅप्टरला ‘स्पेक्ट्रम’ अशी चिठ्ठी लावून ठेवा, घरातल्या राउटरच्या अडॅप्टरमध्ये मिसळायला नको.

मूळ सिंक्लेअरचा ठोकळा सापडला तरी मी तो वापरणार नाही. तो अनियंत्रित आहे, भाराविना १२-१४ व्होल्टपर्यंत चढतो. साधे गणित पाहा: मशीन अंदाजे ०.७ अँपिअर घेते. ९ व्होल्ट आत आले तर ७८०५ वर (९−५)×०.७ = २.८ वॉट उष्णता. ११ आले तर ४.२ वॉट. ती सगळी पेटीतच राहते, यूएलएच्या शेजारी.

आता मीटर बझरवर नको, ओहमवर ठेवा. वीज नाही, कोणतीही ४११६ घ्या:

पाय १ = −५ व्होल्ट
पाय ८ = +१२ व्होल्ट
पाय ९ = +५ व्होल्ट
पाय १६ = ग्राउंड

पाय ८ ते १६ आणि पाय १ ते १६ मोजा. दोन-पाच ओहमच दिसले तर कुठलीतरी ४११६ आतून शॉर्ट आहे. मग वीज देऊच नका.

तांब्याची_तार

वरच्यात कारण जोडतो, म्हणजे क्रम का पाळायचा ते कळेल.

४११६ ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. १२ व्होल्ट टीआर४, टीआर५ आणि छोट्या कॉइलचा कन्व्हर्टर ९ व्होल्टच्या लाइनवरून उंचावून देतो. उणे ५ त्याच कन्व्हर्टरमधून निघतात. उणे ५ गेले आणि १२ चालू राहिले की ४११६ तापतात आणि आतून शॉर्ट होतात. १२ ची लाइन खाली बसते, टीआर४ जळतो, पुष्कळदा कॉइलही काळी पडते. म्हणून टीआर४ मेलेला सापडला तर नुसता तो बदलून वीज द्यायची नाही. नवाही तसाच जाईल. आधी शॉर्ट चिप शोधायची.

टीआर४ मूळ झेडटीएक्स६५० असतो, जागी झेडटीएक्स६५१ चालतो. भारतातल्या दुकानदाराने ‘याच्या बदली हा घ्या’ म्हणून दुसरा दिला तर पायांचा क्रम डेटाशीटवर पडताळा. एमिटर-बेस-कलेक्टरची जागा बदललेली असली की नवा भागही क्षणात जातो.

टीआर४ जाण्याचे दुसरे कारण म्हणजे मशीन चालू असताना मागे काहीही लावणे किंवा काढणे. एज कनेक्टर जरा तिरका झाला की त्याच्या शेजारच्या बोटांना (तांब्याच्या संपर्कपट्ट्यांना) ९ व्होल्ट लागतात. जॉयस्टिक इंटरफेस असो की मेमरी कार्डचा, वीज काढूनच हात लावा.

खारी_हवा

हिरव्या थराबद्दल: पांढरा मऊ खोडरबर घेऊन बोटांच्या लांबीच्या दिशेने घासा, आडवे नाही. आडवे घासले तर कोपऱ्यातून तांबे उचलते. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश. किनारपट्टीवर ठेवलेल्या मशीनमध्ये यूएलए आणि रॉमच्या सॉकेटचे स्प्रिंगही काळे पडतात. दोन्ही चिप सपाट स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलून काढा, पाय अल्कोहोलने पुसा, परत बसवा. नुसत्या एवढ्यानेच ‘मेलेले’ मशीन उठल्याची उदाहरणे खूप आहेत. बसवताना चिपची खाच कोणत्या बाजूला होती त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

ब्लॅक केसला पिवळेपणा येत नाही, त्यामुळे पेरॉक्साइडच्या भानगडीत पडायचे कारण नाही. साबणाचे कोमट पाणी पुरे.

फेराइट

मोजले. पाय ८–१६: ३८० ओहम. पाय १–१६: साधारण १.२ किलोओहम. टीआर४ डायोड मोडवर ठीक. सॉकेट पुसले, एज कनेक्टर साफ केला. ९ व्होल्ट २ अँपिअर, मधे ऋण, मीटरने खात्री केली.

मॉनिटर न लावता पाच सेकंद वीज दिली: पाय ९ वर ५.०३, पाय ८ वर ११.९, पाय १ वर −५.१. कॉइलमधून बारीक किणकिण येते. एकही ४११६ बोटाला चटका देण्याइतकी तापली नाही.

आता टीव्हीला कसे लावू? घरचा एलईडी आहे.

डायोड_सरळ

किणकिण चांगली खूण आहे, कन्व्हर्टर चालतो आहे.

स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारी डबी) यूएचएफ ३६व्या चॅनेलवर चित्र देतो, म्हणजे ५९१.२५ मेगाहर्ट्झ. टीव्हीला अँटेनाचे अॅनालॉग ट्यूनिंग असेल तर हाताने शोधा. पाल पद्धत आपल्याकडचीच आहे, आवाज मॉड्युलेटरमधून येत नाही (तो मशीनच्या आतल्या स्पीकरवर), त्यामुळे ब्रिटन आणि भारताच्या टीव्हीतला ध्वनीच्या वारंवारितेचा फरक आड येत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी मात्र लक्षात ठेवा: तिथल्या फक्त एनटीएससी घेणाऱ्या टीव्हीवर हे दिसणार नाही.

कॉम्पोझिट (टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला थेट जाणारे चित्र) करणे सोपे आणि परत फिरवता येण्याजोगे आहे:

मॉड्युलेटरच्या चंदेरी डबीचे झाकण काढा. बोर्डाकडून आत दोन वायर जातात, एक ५ व्होल्टची, एक व्हिडिओची. दोन्ही डबीपासून सोडवा. ५ व्होल्टच्या टोकावर इन्सुलेशन चढवून बाजूला ठेवा. आत आरसीए सॉकेटच्या मधल्या टोकाला जाणारा रेझिस्टर तिथून उचला. व्हिडिओच्या वायरला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत जोडा, धन बाजू बोर्डाकडे, ऋण बाजू सॉकेटच्या मधल्या टोकाकडे. झाले. आता त्याच सॉकेटमध्ये नेहमीची पिवळी केबल.

कपॅसिटर न लावताही अनेक टीव्हींवर चित्र येते, पण काहींवर डीसीमुळे पांढरा भाग फुटतो. दोन-पाच रुपयांसाठी वगळू नका.

स्वस्त एव्ही-ते-एचडीएमआय डबी शक्यतो टाळा. स्पेक्ट्रम ३१२ ओळींची, इंटरलेस नसलेली फ्रेम सेकंदाला ५०.०८ वेळा काढतो. या डब्या ती इंटरलेस समजून दोन फ्रेम एकात मिसळतात, अक्षरांच्या कडा थरथरतात. टीव्हीला पिवळे सॉकेट असेल तर थेट लावा.

फेराइट

कॉम्पोझिट केले, चित्र स्वच्छ आहे. पण मशीन सुरू होत नाही. कड पांढरी. मधल्या भागात काळ्यावर पिवळ्या उभ्या रेघा, तिथेच थांबले. रिसेटचे बटण दाबले तरी तेच.

सोळावी_पिन

याहून चांगली बातमी मिळणे कठीण होते. चिप न काढता सांगता येईल: आयसी८.

कसे ते सविस्तर लिहितो, कारण हे समजले की डायग्नोस्टिक रॉम नसतानाही निम्मे निदान डोळ्यांनी होते.

चालू होताच रॉम पहिल्यांदा कडेला पांढरा रंग देते. म्हणजे पांढरी कड दिसली की प्रोसेसर, त्याचे घड्याळ (क्लॉकचे स्पंदन), रॉम आणि यूएलएचा बराचसा भाग जिवंत. कड काळी किंवा भलत्या रंगाची राहिली तर तपास झेड८० कडून सुरू करायचा: पाय ११ वर ५ व्होल्ट, पाय ६ वर घड्याळ, पाय २६ वर रिसेट वर जातो का.

कडेनंतर रॉम सगळी रॅम वरून खाली २ या आकड्याने भरते. पडद्याची मेमरी त्याच रॅममध्ये आहे. चित्राच्या प्रत्येक बाइटमध्ये ००००००१० आले की आठ ठिपक्यांत एक उजळ, म्हणजे बारीक उभी रेघ. रंगाच्या बाइटमध्ये २ म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर लाल. म्हणून निरोगी मशीनवर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लाल बारीक रेघा चमकतात. मग रॉम तीच रॅम खालून वर वाचत प्रत्येक बाइटमधून दोनदा एक वजा करते. शून्य आले की पुढे, नाही आले की रॅम तिथे संपली असे धरते. पडदा काळा होतो, सव्वा सेकंदाने पांढरा आणि खाली १९८२ चा सिंक्लेअरचा कॉपीराइट.

आता तुमच्याकडे रेघा पिवळ्या आहेत. पिवळा म्हणजे ६. २ च्या जागी ६ झाले, म्हणजे ४ जास्तीचा, म्हणजे बिट २ कायम १ वर अडकला आहे. नीट पाहा, रेघ एका ठिपक्याची नसून दोन ठिपके जाड असेल. आयसी६ बिट ०, आयसी७ बिट १, आयसी८ बिट २, असे आयसी१३ पर्यंत.

इतरांसाठी, बिट १ वर अडकला तर:
बिट ० – किरमिजी, जाड रेघ (आयसी६)
बिट ३ – निळ्यावर लाल (आयसी९)
बिट ४ – सगळेच लाल, रेघ दिसत नाही (आयसी१०)
बिट ५ – हिरव्यावर लाल (आयसी११)
बिट ६ – भडक लाल, दोन रेघा (आयसी१२)
बिट ७ – लुकलुकणारे (आयसी१३)
आणि बिट १ शून्यावर अडकला तर रेघाच नाहीत, काळे (आयसी७).

पुष्कळ मशीन लगेच कोलमडून भलतेच चौकोन दाखवतात. मोबाइलवर सेकंदाला १२० फ्रेमने चित्रीकरण करा आणि वीज दिल्यानंतरची पहिली अर्धी सेकंद फ्रेम फ्रेमने पाहा.

तांब्याची_तार

आयसी८ काढताना चिप वाचवायचा प्रयत्न करू नका, बोर्ड वाचवा. बारीक कटरने सोळाही पाय चिपच्या अंगालगत कापा. एकेका पायाला फ्लक्स, थोडे नवे सोल्डर (जुने सोल्डर लवकर वितळत नाही, नवे मिसळले की सैल होते), सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, चिमट्याने वरून पाय अलगद उचला. ओढायचे नाही, वितळले की तो आपसूक येतो. भोके नंतर पंपाने. ग्राउंडच्या पायाला, १६ नंबर, उष्णता पसरते म्हणून वेळ लागतो. तिथे जोर लावला की भोकाच्या आतला तांब्याचा थर निघतो आणि वरखालची जोडणी तुटते. तसे झाले तर वरून पातळ वायर.

मग १६ पायांचे सॉकेट, नवी ४११६.

खारी_हवा

४११६ ऐवजी ४१६४ टाकली तर? त्या सहज मिळतात.

तांब्याची_तार

थेट नाही. ४१६४ ला पाय ८ वर ५ व्होल्ट लागतात, या सॉकेटमध्ये तिथे १२ आहेत. क्षणात जाईल. शिवाय पाय ९ तिथे पत्त्याची लाइन आहे. पाय वळवून किंवा छोटा अडॅप्टर बोर्ड लावून करता येते आणि मग त्या चिपला उणे ५ ची गरज राहत नाही. पण आठही बदलल्या तरी कन्व्हर्टर काढून टाकू नका: रंग तयार करणारी एलएम१८८९ त्याच १२ व्होल्टवर चालते.

एकच गेली असेल तर ४११६ घ्या, बाकी सात राहू द्या.

फेराइट

आयसी८ बदलली. कॉपीराइटची ओळ आली! पण ‘प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३’ दिल्यावर ३२७६७ येते.

सोळावी_पिन

निरोगी ४८के ला ६५५३५ येते. ३२७६७ म्हणजे मशीन स्वतःला १६के समजते, वरच्या रॅमचा पहिलाच बाइट नापास झाला. आता बेसिकच तुमचे तपासयंत्र आहे (पोक म्हणजे मेमरीत आकडा लिहिणे, पीक म्हणजे वाचणे):

पोक ४००००, ० : प्रिंट पीक ४००००
पोक ४००००, २५५ : प्रिंट पीक ४००००

जो आकडा चुकेल त्यातला फरक पाहा. ० च्या जागी १६ आले तर फरक १६, बिट ४. आयसी१५ बिट ० धरून आयसी१९. फरक अनेक बिटांचा असेल, आकडे दर वेळी बदलत असतील, तर रॅमपेक्षा पत्ता फिरवणाऱ्या आयसी२५, आयसी२६ (७४एलएस१५७) आणि आयसी२३, आयसी२४ यांच्यावर संशय घ्या.

फेराइट

० च्या जागी १६. दहा वेगवेगळ्या पत्त्यांवर तेच.

तांब्याची_तार

मग आयसी१९. इथे ४१६४ थेट चालते, ही जागा फक्त ५ व्होल्टची आहे. टीएमएस४५३२ म्हणजे अर्धी निकामी निघालेली ६४ किलोबिटची चिप. −३ आणि −४ असे दोन प्रकार, कोणती अर्धी बाजू चांगली ते त्यावरून, आणि बोर्डावरची लिंक त्याप्रमाणे लावलेली असते. म्हणून ४५३२ च घेणार असाल तर बाकी सातांवरचा आकडा जुळवा. पूर्ण ४१६४ ला दोन्ही बाजू चांगल्या, लिंक कुठेही असो.

डायोड_सरळ

कपॅसिटरही आत्ताच बदला. अक्षीय इलेक्ट्रोलायटिक, १, ४.७, १०, २२ आणि १०० मायक्रोफॅरडचे. आपल्याकडे अक्षीय कमी मिळतात. उभा प्रकार घेऊन एक पाय लांब वाकवून त्यावर नळी चढवली तरी चालते, झाकण लागते का तेवढे पाहा.

सोळावी_पिन

मी सरसकट बदलण्याच्या बाजूचा नाही. १२ व्होल्ट भाराखाली ११.९ आहेत, चित्रात लाटा नाहीत. प्रत्येक भाग काढताना चाळीस वर्षांच्या बोर्डाला उष्णता बसते. कन्व्हर्टरजवळचे आणि ७८०५ च्या दोन्ही बाजूंचे बदला, बाकी मोजून ठरवा. धन-ऋण स्कीमॅटिकवरून पडताळा, नुसत्या छापील खुणेवर नाही.

फेराइट

आयसी१९ ला ४१६४ लावली, ६५५३५ आले. कन्व्हर्टरजवळचे चार कपॅसिटर बदलले. आता कीबोर्ड: १, २, ३, ४, ५ पैकी एकही चालत नाही, बाकी सगळ्या चालतात.

खारी_हवा

पाच शेजारच्या कळा एकदम गेल्या म्हणजे आठ तारांच्या पट्टीतली एक तार किंवा तिच्या मार्गातला डायोड (डी१ ते डी८). याउलट १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट, स्पेस अशा विखुरलेल्या आठ गेल्या तर पाच तारांच्या पट्टीतली.

आधी डायोड मोजा. तो ठीक असेल तर पट्टीच्या टोकाला, कनेक्टरमध्ये शिरते तिथे, भिंगातून पाहा. चांदीच्या रेघेवर केसाएवढी आडवी चीर असते, पट्टी वाकवली की उघडते, सोडली की मिटते. म्हणून मीटर कधी जोड दाखवतो, कधी नाही. सोल्डर लावू नका, प्लॅस्टिक आहे. स्पेक्ट्रम+ चा नवा मेम्ब्रेन (कळांखालचा प्लॅस्टिकचा पातळ थर, पट्ट्या त्याचाच भाग) विकत मिळतो, तोच घ्या. बसवताना पट्टी सरळ खाली दाबा, डावी-उजवी हलवत नाही.

नव्या मेम्ब्रेनवर डिलीट, एडिट आणि बाणांच्या कळा वेगळ्या तपासा. त्या प्रत्यक्षात दोन कळा एकदम दाबतात (डिलीट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि ०), त्यासाठी आत जास्तीचा थर आहे. तो नीट जुळला नाही तर डिलीट दाबल्यावर नुसते ० उमटते.

फेराइट

डायोड ठीक, चीरच होती. मेम्ब्रेन बदलला, सगळ्या कळा चालतात. शेवटचे: मोबाइलवरून टेप लोड करताना कडेला रेघा येतात, पण नाव दिसत नाही.

डायोड_सरळ

रेघा लाल-आकाशी असतील तर मशीनला नुसता सुरुवातीचा सलग सूर ऐकू येतो आहे. निळ्या-पिवळ्या बारीक रेघा दिसल्या की डेटा वाचला जातो. पहिला सूर पाच सेकंद, हेडर, मग दोन सेकंद सूर आणि मुख्य डेटा.

केबल तपासा. मोबाइलकडचा प्लग स्टिरिओ, स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटमध्ये मात्र मोनो प्लग हवा. स्टिरिओ प्लग तिथे घातला की उजवा चॅनेल ग्राउंडला शॉर्ट होतो आणि काही मोबाइल दोन्ही बाजूंचा आवाज कमी करतात. केबलमध्ये फक्त डावा चॅनेल आणि ग्राउंड जोडा. फाइल एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही करा. आवाज पूर्ण, इक्वलायझर आणि ‘बास’ बंद. तरी कमी पडला तर छोटा हेडफोन अॅम्प्लिफायर मधे लावा, आजचे मोबाइल जुन्या टेपरेकॉर्डरच्या इअरफोनएवढा व्होल्टेज देत नाहीत. ‘माइक’ सॉकेटमधली केबल लोड करताना काढून ठेवा.

मेमरी कार्डचा डिव्हएमएमसी इंटरफेस घेणार असाल तर कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. कार्डावरच्या ईएसएक्सडॉसच्या (इंटरफेस चालवणाऱ्या प्रणालीच्या) फाइल आणि इंटरफेसच्या चिपमधली आवृत्ती एकच हवी, नाहीतर सुरू होतानाच अडकते. तोही वीज काढूनच लावायचा.

फेराइट

मोनो प्लग आणि डब्ल्यूएव्हीने नाव आले, पण अर्ध्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’.

डायोड_सरळ

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि पडद्याला हात लावू नका. ४८के ला साधारण पाच मिनिटे लागतात, त्यात सूचनेची एक टिंग आली तरी त्या ब्लॉकचा शेवटचा पडताळणीचा बाइट जुळत नाही आणि सगळे पहिल्यापासून.